ल्यूथरन उपासनेला जाताना : कॅथलिक भाविकांसाठी माहिती

नोकरी व शिक्षणानिमित्त आपल्या धर्मग्रामांतील अनेक तरुण-तरुणी आज परप्रांतांत व परदेशांत राहतात. सहकाऱ्याचा विवाह, शेजाऱ्याचा अंत्यविधी, एखाद्या बाळाचा स्नानसंस्कार अशा प्रसंगी ल्यूथरन चर्चमध्ये जाण्याची वेळ त्यांच्यावर येते. तेथे काय पाहावयास मिळेल, कशात सहभागी व्हावे आणि कोठे थांबावे, याविषयीची माहिती आम्ही येथे देत आहोत.

ल्यूथरन कोण?

३१ ऑक्टोबर १५१७ रोजी ऑगस्टिनियन संघाचे धर्मगुरू मार्टिन ल्यूथर यांनी जर्मनीतील विटेनबर्ग येथून पापदंडमुक्तीच्या प्रथेविरुद्ध ९५ मुद्दे मांडले. पुढे निर्माण झालेली फूट त्यांच्या अनुयायांच्या १५३० सालच्या ऑग्सबर्ग विश्वासनाम्यात शब्दबद्ध झाली. भारतात ९ जुलै १७०६ रोजी त्सीगनबाल्ग व प्ल्यूचौ हे दोन ल्यूथरन मिशनरी तामिळनाडूतील तरंगंबाडी येथे उतरले. आज आंध्र प्रदेश, तामिळनाडू व झारखंड येथे ल्यूथरन भाविक मोठ्या संख्येने आहेत. महाराष्ट्रात आपल्या ओळखीचे प्रोटेस्टंट बांधव बहुधा १९७० साली स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे किंवा मेथॉडिस्ट असतात. ल्यूथरन मंडळ्या त्या एकीकरणात सामील झाल्या नव्हत्या.

चर्चमध्ये प्रवेश करताना

वेदी, मेणबत्त्या, क्रूस, बाप्तिस्माकुंड आणि उपासनाकाळानुसार बदलणारी वस्त्रे हे सारे आपल्याला परिचयाचे वाटेल. अनेक ठिकाणी क्रूसावर प्रभूची प्रतिमाही असते. जर्मनीतील न्यूरेम्बर्गचे संत लॉरेन्स चर्च सोळाव्या शतकात ल्यूथरन झाले. तरीही फाइट श्टॉस यांनी कोरलेले पवित्र मरियेला मिळालेल्या देवदूताच्या संदेशाचे भव्य शिल्प आजही तेथे वेदीसमोर टांगलेले आहे.

पवित्र साक्रामेंताची पेटी व तिच्यापुढील अखंड दिवा मात्र सहसा दिसणार नाही. त्यामुळे गुडघा टेकण्याची प्रथाही तेथे सहसा नसते. वेदीपुढे आदराने मस्तक लववून आपण जागेवर बसावे.

उपासनेचा क्रम

पवित्र त्रैक्याच्या नावाने आरंभ, पापांची कबुली, दयेची याचना, गौरवगीत, बायबलमधील वाचने, प्रवचन, मतांगीकार, मध्यस्थीच्या प्रार्थना आणि शेवटी आशीर्वाद हा क्रम आपल्या मिस्साविधीशी पुष्कळ जुळतो. प्रवचन बरेचदा आपल्यापेक्षा दीर्घ असते. गायन हा तर ल्यूथरन उपासनेचा प्राणच होय. स्वतः ल्यूथर यांनी लोकभाषेत गीते रचली आणि लाइपझिगच्या संत थॉमस चर्चमध्ये बाख यांनी याच उपासनेसाठी संगीत लिहिले. गीतांचे क्रमांक भिंतीवरील फलकावर लावलेले असतात. ते पाहून गीतपुस्तक उघडावे.

प्रभूने शिकविलेली प्रार्थना म्हणताना एक फरक जाणवेल. आपण मिस्सामध्ये जेथे थांबतो तेथे ते न थांबता राज्य, सामर्थ्य व गौरवाचे स्तुतिवचन सलग म्हणतात. उपासना चालविणारे पाळक बहुधा विवाहित असतात. स्वीडनसारख्या देशांत १९६० सालापासून स्त्रियांनाही दीक्षा दिली जाते. काही ल्यूथरन मंडळ्या मात्र तसे करीत नाहीत.

प्रभुभोजनाची वेळ

सर्वांत नाजूक प्रसंग हाच. ल्यूथरन बांधव प्रभुभोजन केवळ स्मरणचिन्ह मानीत नाहीत. भाकर व द्राक्षारसात ख्रिस्त खरोखर उपस्थित असतो, अशी त्यांची श्रद्धा आहे. अनेक मंडळ्या सर्व बाप्तिस्माप्राप्त ख्रिस्ती लोकांना प्रेमाने आमंत्रण देतात. तरीही कॅथलिक भाविकांनी तेथे कम्युनियन स्वीकारू नये, अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे. कम्युनियन हे श्रद्धेतील पूर्ण ऐक्याचे चिन्ह आहे आणि ते ऐक्य अजून साधलेले नाही. शिवाय, तेथे गुरुदीक्षेचा संस्कार पूर्णत्वाने नसल्यामुळे ख्रिस्तप्रसादाचे रहस्य परिपूर्ण स्वरूपात टिकलेले नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली नमूद केले.

या नियमाची वेदना ख्रिस्तसभा जाणते. १५ नोव्हेंबर २०१५ रोजी पोप फ्रान्सिस रोममधील ल्यूथरन चर्चला भेट देण्यासाठी गेले, तेव्हा कॅथलिक पती असलेल्या एका ल्यूथरन भगिनीने एकत्र कम्युनियन घेण्याविषयी त्यांना विचारले. अशी परवानगी देणे आपल्या अधिकारात नाही, असे पोप महोदयांनी सांगितले. पण प्रभूशी बोलत पुढे चालत राहण्यासही सुचविले. त्यांनी त्या मंडळीला एक पवित्र चषक भेट दिला. पुढील वर्षी ३१ ऑक्टोबर रोजी स्वीडनमधील लुंड येथे झालेल्या संयुक्त निवेदनातही अशा दांपत्यांच्या दुःखाचा उल्लेख झाला.

लक्षात ठेवण्यासारख्या गोष्टी

• स्तोत्रे, गीते व प्रतिसाद यांत मनापासून सहभागी व्हावे. ख्रिस्तसभेची १९९३ सालची ऐक्यविषयक मार्गदर्शिका तसे प्रोत्साहन देते. विनंती झाल्यास बायबलचे वाचनही करता येते.
• रविवारच्या मिस्साचे कर्तव्य या उपासनेने पूर्ण होत नाही. मिस्सासाठी वेगळा वेळ काढावा.
• प्रभुभोजनाच्या वेळी जागेवर बसून शांतपणे प्रार्थना करावी. काही ठिकाणी हात छातीशी जुळवून आशीर्वाद घेता येतो. तशी पद्धत आहे का, हे आधी विचारून घ्यावे.
• विवाहात साक्षीदार होण्यास हरकत नाही. स्नानसंस्कारात ल्यूथरन धर्मपित्यासोबत किंवा धर्ममातेसोबत ख्रिस्ती साक्षीदार म्हणून उभे राहता येते.
• स्वतःचा विवाह तेथे करावयाचा असल्यास मात्र आधी आपल्या धर्मगुरूंना भेटावे.

३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्ग येथे कॅथलिक ख्रिस्तसभा व ल्यूथरन जागतिक महासंघ यांनी एकत्र जाहीर केले की, मनुष्य आपल्या पुण्याईने नव्हे, तर ख्रिस्तावरील श्रद्धेद्वारे देवाच्या कृपेनेच नीतिमान ठरतो. ज्या प्रश्नावरून फूट पडली, त्याच्या गाभ्यावर असे एकमत झाले. त्यांचा बाप्तिस्मा आपण मान्य करतो. म्हणून ते आपले ख्रिस्तबंधू आहेत. त्यांच्या चर्चमध्ये आपण परके म्हणून जाऊ नये आणि तेथे कम्युनियनपासून दूर राहताना मनात अहंकारही बाळगू नये. एकाच मेजाभोवती बसण्याचा दिवस प्रभूने लवकर दाखवावा, ही प्रार्थना त्या शांत क्षणी अवश्य करावी.