‘विम’मध्ये अडकलात? हे छोटे बदल करा, हाच एडिटर होईल रोजच्या कामाचा सोबती!

नोकरीचे पहिलेच दिवस. सीनियर म्हणतो, “सर्व्हरवर ती फाइल उघड आणि एक ओळ बदल.” तुम्ही टर्मिनलमध्ये फाइल उघडता. टाइप करायला जाता तर अक्षरं उमटतच नाहीत, उलट भलतीच ओळ गायब होते. माऊस ऐकत नाही, बंद करायचं बटण कुठे दिसत नाही. शेवटी वैतागून अख्खी खिडकीच बंद करता!

असं झालं असेल तर अजिबात लाजू नका. ‘विममधून बाहेर कसं पडायचं?’ हा प्रश्न स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामर मंडळींच्या साइटवर २०१७ पर्यंत दहा लाखांहून जास्त वेळा पाहिला गेला होता. त्या साइटने स्वतःच ही गंमत जाहीर केली होती.

मग असा विचित्र एडिटर लोक वापरतात तरी का? आणि तो आपल्या सोयीचा कसा करून घ्यायचा? चला, बघूया.

(एक सूचना : या लेखात आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत. त्या टाइप करायच्या मात्र इंग्रजी लहान अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत. ‘टॅबस्टॉप’सारखं नाव एकच शब्द म्हणून, मध्ये जागा न सोडता लिहायचं.)

विम आला कुठून?

१९७० च्या दशकात अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात बिल जॉय या विद्यार्थ्याने ‘व्हीआय’ नावाचा एडिटर लिहिला. तो ज्या एडीएम-३ए टर्मिनलवर काम करायचा, त्याला बाणांच्या वेगळ्या कळा नव्हत्या. एच, जे, के आणि एल या चार अक्षरांवरच बाण छापलेले होते. म्हणून आजही विममध्ये एच म्हणजे डावीकडे, जे म्हणजे खाली, के म्हणजे वर आणि एल म्हणजे उजवीकडे.

पुढे नेदरलँड्सच्या ब्राम मोलेनार यांनी त्याच धर्तीवर ‘विम’ तयार केला आणि १९९१ मध्ये लोकांसमोर आणला. पैसे मागितले नाहीत, फक्त आवडला तर युगांडातल्या गरजू मुलांसाठी मदत करा, असं आवाहन केलं. हे आवाहन विम उघडल्यावर पहिल्याच पडद्यावर दिसायचं. मोलेनार यांचं ऑगस्ट २०२३ मध्ये निधन झालं. जानेवारी २०२४ मध्ये आलेली ९.१ ही आवृत्ती त्यांच्या स्मृतीला अर्पण केलेली आहे.

आजही बहुतेक लिनक्स सर्व्हरवर व्हीआय किंवा विम हमखास सापडतो. तिथे खिडक्या आणि माऊसवाला एडिटर नसतो. म्हणून तो यावाच लागतो.

आधी बाहेर पडायला शिका

विमचे दोन मुख्य मोड आहेत. उघडल्यावर तुम्ही ‘नॉर्मल’ मोडमध्ये असता. तिथे प्रत्येक कळ म्हणजे एक हुकूम. ‘आय’ दाबलं की ‘इन्सर्ट’ मोड सुरू होतो आणि मग नेहमीसारखं टाइप करता येतं. एस्केप दाबलं की परत नॉर्मल.

बाहेर पडताना आधी एस्केप. मग कोलन, डब्ल्यू, क्यू आणि एंटर : फाइल सेव्ह होऊन विम बंद. काही गोंधळ झालाय आणि बदल टाकून द्यायचेत? एस्केप, कोलन, क्यू, उद्गारचिन्ह, एंटर. चुकून काही पुसलं गेलं तर नॉर्मल मोडमध्ये ‘यू’ दाबा, बदल मागे जातो.

आणि सवयीने कंट्रोल-एस दाबल्यावर पडदा गोठला तर घाबरू नका! विम हँग झालेला नाही. जुन्या टर्मिनलांपासून चालत आलेला तो ‘थांब’ असा इशारा आहे. कंट्रोल-क्यू दाबा, सगळं पुन्हा चालू होईल.

सगळी जादू एका फाइलमध्ये

विमची मांडणी बदलायला मेनू नाही. तुमच्या होम फोल्डरमध्ये ‘विमआरसी’ नावाची एक साधी मजकूर फाइल असते. नावाच्या सुरुवातीला टिंब असतं, त्यामुळे ती सहज दिसत नाही. विम उघडताना ही फाइल वाचतो. दुहेरी अवतरणचिन्हाने सुरू होणारी ओळ ही तुमची टीप, विम ती सोडून देतो.

इथे पहिलाच खड्डा आहे. विम ८ पासून, तुमची विमआरसी नसेल तर विम स्वतःहून काही सोयी चालू करतो. तुम्ही स्वतःची फाइल बनवलीत की, ती रिकामी असली तरी, त्या सोयी बंद होतात. मग लोक म्हणतात, “काल रंग दिसत होते, आज कुठे गेले?” उपाय सोपा : विमसोबत येणारी ‘डिफॉल्ट्स’ ही फाइल तुमच्या विमआरसीच्या पहिल्या ओळीत ‘सोर्स’ आज्ञेने बोलवा. मदत-पानांत ‘डिफॉल्ट्स’ शोधलंत की पूर्ण ओळ मिळेल.

सुरुवातीला एवढं पुरे

इंटरनेटवर पाचशे ओळींच्या विमआरसी मिळतात. त्या जशाच्या तशा चिकटवू नका. कुठली ओळ काय करते हे कळत नसेल तर बिघडल्यावर दुरुस्त कशी करणार? या काही ओळींपासून सुरुवात करा :

• ‘सेट नंबर’ : ओळींचे क्रमांक दिसतात. ‘४२ व्या ओळीत चूक आहे’ असा संदेश आला की थेट तिथे जाता येतं.

• ‘सेट रिलेटिव्हनंबर’ : तुम्ही आहात तिथून प्रत्येक ओळ किती दूर आहे ते दिसतं. सात ओळी खाली जायचंय? ७ आणि जे, बस्स.

• ‘सेट इग्नोरकेस’ आणि ‘सेट स्मार्टकेस’ : ही जोडी एकत्रच लावा. लहान अक्षरांत शोधलं तर लहान-मोठी दोन्ही सापडतात. शोधताना एक जरी मोठं अक्षर वापरलं तर तंतोतंत तेच शोधलं जातं.

• ‘सेट हायलाइटसर्च’, ज्याचं लिहायचं रूप आहे एचएल-सर्च (मधली रेघ न लिहिता) : शोधलेला शब्द जिथे जिथे आहे तिथे रंगतो. रंग घालवायला कोलन देऊन ‘नोएचएल’ लिहा.

• ‘सेट लाइनब्रेक’ : लांब ओळ शब्दाच्या मधोमध तुटत नाही. टिपणं किंवा लेख लिहिणाऱ्यांना फार उपयोगी.

• ‘सेट स्क्रोलऑफ=५’ (यात ‘ऑफ’चा शेवट दोन एफने) : कर्सरच्या वर-खाली पाच ओळी कायम दिसत राहतात.

न दिसणारा टॅब आणि माझी एक रात्र

एक प्रसंग सांगतो. मी कामाला नवीन होतो. रात्रपाळीत एका यामल फाइलमध्ये फक्त एक ओळ वाढवली आणि सेवा पुन्हा सुरू केली. ती सुरूच होईना. फाइल दहादा वाचली, सगळं जागच्या जागी! पहाटे एका सहकाऱ्याने विममध्ये ‘सेट लिस्ट’ लिहिलं आणि माझ्या ओळीच्या सुरुवातीला एक विचित्र खूण उमटली. बाकी ओळींत स्पेस होत्या, माझ्या ओळीत टॅब. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसत होते. यामलमध्ये मात्र ओळ आत सरकवायला टॅब चालतच नाही.

त्या दिवसापासून माझ्या विमआरसीत तीन ओळी आहेत. ‘सेट एक्सपँडटॅब’ लिहिलं की टॅब दाबल्यावर स्पेस पडतात. ‘सेट टॅबस्टॉप=४’ आणि ‘सेट शिफ्टविड्थ=४’ यांनी रुंदी ठरते. जुन्या फाइलमधले टॅब बदलायला एक्सपँडटॅब चालू ठेवून कोलन आणि ‘रीटॅब’.

पण सरसकट नियम इथेही नको. मेकफाइलचं बरोबर उलटं असतं, तिथे आज्ञेच्या ओळीआधी टॅबच लागतो. म्हणून ‘फाइलटाइप प्लगइन इंडेंट ऑन’ ही ओळ ठेवा. मग विम फाइलचा प्रकार ओळखतो आणि मेकफाइल असेल तर आपणहून टॅब तसेच राहू देतो.

वीज गेली, लॅपटॉप बंद पडला, तर?

विम काम चालू असताना एक ‘स्वॅप’ फाइल बनवत असतो. मध्येच कनेक्शन तुटलं तर पुढच्या वेळी तीच फाइल उघडताना तो मोठा इशारा दाखवतो. बरेच जण घाईत तो झटकून टाकतात. तसं करू नका! आधी ‘रिकव्हर’ निवडा, मजकूर तपासा, सेव्ह करा आणि मगच स्वॅप फाइल पुसा. इशाऱ्याचं दुसरं कारण असू शकतं : तीच फाइल दुसऱ्या खिडकीत किंवा दुसऱ्या सहकाऱ्याने उघडलेली आहे.

‘सेट अनडूफाइल’ लिहिलं तर फाइल बंद करून दुसऱ्या दिवशी उघडली तरी कालचे बदल मागे घेता येतात. या नोंदी एका जागी ठेवायला ‘अनडूडर’ने फोल्डर ठरवा. ते फोल्डर आधी हाताने बनवा, कारण विम ते बनवत नाही आणि नसेल तर नोंद गुपचूप होतच नाही.

मात्र एक लक्षात ठेवा. फाइलमधून पासवर्ड पुसलात तरी तो या अनडू नोंदीत उरू शकतो. वेबसाइटच्या फोल्डरमध्ये राहून गेलेली स्वॅप फाइलही बाहेरच्या माणसाच्या हाती लागू शकते. गुप्त माहितीच्या फाइलींसाठी या सोयी बंद ठेवलेल्याच बऱ्या.

कळा आपल्या हाताच्या

एस्केप कळ कोपऱ्यात असते आणि ती दिवसातून शेकडो वेळा लागते. म्हणून बरेच जण इन्सर्ट मोडमध्ये ‘जे’ आणि ‘के’ पटापट दाबलं की एस्केप व्हावं, अशी सोय करतात. त्यासाठी ‘आय-नोरीमॅप’ ही आज्ञा आहे (लिहिताना एकच शब्द, आयनंतर लगेच नोरीमॅप).

नुसतं ‘मॅप’ का नको? कारण त्यात एका कळीचा अर्थ दुसरीकडे, दुसरीचा तिसरीकडे अशी साखळी लागू शकते. ‘नोरी’वाली आज्ञा कळीचा मूळ अर्थच घेते.

स्वतःच्या शॉर्टकटसाठी ‘लीडर’ कळ ठरवता येते. अनेकांची पसंती स्पेसबारला असते. मग स्पेस-डब्ल्यू म्हणजे सेव्ह, स्पेस-क्यू म्हणजे बंद. आठवड्याला एकच नवा शॉर्टकट घ्या. तो बोटांत बसला की पुढचा.

मराठीत लिहिताय? मग हे वाचाच

मराठी कीबोर्ड चालू असताना एस्केप दाबून ‘जे’ दाबलं तर विमला मिळतो ‘र’. हा हुकूम त्याला कळत नाही. दर वेळी कीबोर्ड बदलत बसायचं का?

यासाठी ‘लँगमॅप’ हा पर्याय आहे. नॉर्मल मोडमध्ये आलेलं अक्षर कुठल्या इंग्रजी कळीसारखं धरायचं, ते त्यात सांगता येतं. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर एचच्या जागी प, जेच्या जागी र, केच्या जागी क, एलच्या जागी त आणि आयच्या जागी ग येतो. या पाच जोड्या दिल्या की फाइलमध्ये फिरणं आणि लिहायला लागणं मराठी कीबोर्डवरच होतं. इन्सर्ट मोडमध्ये मात्र र हा र-च राहतो. कोलननंतरच्या आज्ञांसाठी इंग्रजी कीबोर्ड लागेलच.

टर्मिनलमध्ये जोडाक्षरं तुटक दिसली तर लगेच विमला दोष देऊ नका. अक्षरं पडद्यावर रेखाटण्याचं काम टर्मिनलचं असतं. ‘सेट एन्कोडिंग=यूटीएफ-८’ असेल तर तोच मजकूर दुसऱ्या ॲपमध्ये नीट दिसेल.

प्लगइन घेताना जरा जपून

विम ८ पासून प्लगइन घालायला वेगळं साधन लागत नाही, ठरलेल्या ‘पॅक’ फोल्डरमध्ये ठेवलं की झालं. पण प्लगइन म्हणजे दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्राम, आणि तो तुमच्या अधिकारांनी चालतो. कोण सांभाळतंय, शेवटचा बदल कधी झाला, हे बघूनच घ्या.

फाइलच्या आत लिहिलेल्या खास ओळीतून मांडणी बदलण्याची ‘मोडलाइन’ नावाची सोय विममध्ये आहे. २०१९ मध्ये त्यात अशी त्रुटी सापडली की नुसती एखादी घातक फाइल उघडली तरी तुमच्या संगणकावर परक्याची आज्ञा चालू शकत होती. ती त्रुटी दुरुस्त झाली, पण धडा कायमचा आहे : विम अद्ययावत ठेवा आणि गरज नसेल तर ‘सेट नोमोडलाइन’ लिहा.

बिघडलं तर?

विमला ‘क्लीन’ पर्यायाने (आधी दोन आडव्या रेघा) सुरू करा. तुमची मांडणी न वाचता तो उघडेल. तिथे सगळं ठीक असेल तर चूक तुमच्या विमआरसीत किंवा प्लगइनमध्ये आहे. एखादा पर्याय कुणी बदलला ते शोधायला कोलन देऊन ‘व्हर्बोज सेट टॅबस्टॉप’ आणि प्रश्नचिन्ह लिहा. शेवटचा बदल कुठल्या फाइलने केला, ते विम सांगतो.

विमआरसीची प्रत गिटमध्ये ठेवा. नवा लॅपटॉप आला तरी दोन मिनिटांत तुमचा विम तयार! पण ऑफिसच्या सामायिक सर्व्हर-खात्यावर आपली मांडणी लादू नका. तिथे रात्री तीन वाजता दुसरं कुणीतरी घाईत काम करत असतं, आणि त्याला आपले शॉर्टकट माहीत नसतात. म्हणूनच साधा, काहीही न बदललेला विमही हाताला सवयीचा ठेवा. एस्केप, आय, यू आणि बाहेर पडायचे दोन रस्ते एवढं पाठ असेल तर कुठल्याही सर्व्हरवर तुमचं अडणार नाही.

तुमच्या विमआरसीतली कोणती ओळ तुम्हाला सगळ्यात जास्त उपयोगी पडते? कमेंटमध्ये नक्की सांगा. आणि विममध्ये अडकून बसलेला एखादा मित्र असेल तर त्याला हा लेख आधी पाठवा!