ग्लोव्हबॉक्सच्या मागे लपलेला इतिहास

आजच्या एपिसोडचा विषय तुमच्या कारमध्येच आहे, फक्त तो दिसत नाही. ग्लोव्हबॉक्स रिकामा करा, त्याच्या दोन्ही बाजू आत दाबा आणि खाली सोडा. बऱ्याच गाड्यांमध्ये मागे एक आडवं झाकण असतं. ते काढलं की घड्या घातलेला, कागदासारखा एक चौकोन बाहेर येतो. हाच केबिन एअर फिल्टर. नवा असताना पांढरा किंवा करडा, वर्षभर ट्रॅफिकमध्ये फिरला की काळाकुट्ट. वर वाळलेली पानं आणि मेलेले किडे असतात ते वेगळंच.

बदलायला दहा मिनिटं लागतात. पण हा चौकोन तिथपर्यंत पोचायला शंभराहून जास्त वर्षं लागली.

सुरुवात लंडनमध्ये. 1854 मध्ये जॉन स्टेनहाउस या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने कोळशाचा मास्क बनवला. कोळशाला असंख्य बारीक छिद्रं असतात आणि वासाचे, वायूचे रेणू त्यात चिकटून बसतात. मग 1870 मध्ये जॉन टिंडल या शास्त्रज्ञाने रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये धूळ आणि रोग या विषयावर व्याख्यान दिलं. त्याचा प्रयोग एकदम साधा होता. अंधारात प्रकाशाचा झोत सोडला की हवेतली धूळ चमकते. त्या झोतात त्याने श्वास सोडला. श्वासाच्या शेवटच्या भागात झोत काळा दिसला, म्हणजे त्या हवेत धूळच नव्हती. मग ती गेली कुठे? फुफ्फुसात! आपणच फिल्टर आहोत, आणि आपल्याला बदलता येत नाही.

पुढे टिंडलने आगीशी लढणाऱ्या बंबवाल्यांसाठी मास्क तयार केला. त्यात धुरासाठी ग्लिसरीन लावलेला कापूस होता आणि वायूंसाठी कोळसा. आज तुम्ही ‘कार्बन फिल्टर’ विकत घेता ना, त्याची मूळ कल्पना हीच. एक थर कणांसाठी, दुसरा वायूंसाठी.

मग युद्ध आलं. एप्रिल 1915 मध्ये बेल्जियममधल्या ईप्र इथे जर्मन सैन्याने क्लोरीन वायू सोडला आणि कोळशाचे मास्क ही जगण्यामरण्याची गोष्ट झाली. चांगला कोळसा बनायचा कठीण कवचापासून. म्हणून 1918 मध्ये अमेरिकेत लोकांकडून पीचच्या बिया आणि अक्रोडासारखी टरफलं गोळा केली गेली. नारळाची करवंटीही त्यासाठी उत्तम. आजही भरपूर ॲक्टिव्हेटेड कार्बन करवंटीपासूनच बनतो.

गाडीत फिल्टर आला 1938 मध्ये. अमेरिकेतल्या नॅश कंपनीने बाहेरची हवा फिल्टरमधून आणि हीटरवरून आत घेणारी यंत्रणा आणली. आतल्या हवेचा दाब बाहेरपेक्षा किंचित जास्त राहायचा, त्यामुळे फटींमधून धूळ आत शिरायची नाही. आयडिया भारी होती, पण सगळ्यांनी काही ती लगेच उचलली नाही. फिल्टर सर्वसामान्य गाड्यांमध्ये पसरायला 1990 चं दशक उजाडलं.

मधल्या काळात कापसाची जागा प्लास्टिकच्या धाग्यांनी घेतली होती. 1950 च्या दशकात अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत वितळलेलं प्लास्टिक गरम हवेच्या झोताने ओढून अतिसूक्ष्म धागे बनवले गेले. उद्देश होता अणुचाचण्यांनंतर हवेतले किरणोत्सारी कण पकडण्याचा. पुढे अशा धाग्यांवर विद्युतभार साठवता आला. एन-95 मास्कमध्ये हेच तंत्र आहे, आणि बऱ्याच केबिन फिल्टरमध्येही.

इथे एक गैरसमज काढून टाकू. फिल्टर म्हणजे चहाची गाळणी नव्हे. मोठे कण धाग्यांवर आदळतात. एकदम छोटे कण वेडेवाकडे हलत हलत धाग्याला चिकटतात. सगळ्यात जास्त निसटतात ते मधले, साधारण 0.3 मायक्रॉनचे. त्यांनाच ओढायला तो विद्युतभार लागतो. म्हणून फिल्टर धुऊन परत लावू नका. धुतल्यावर तो स्वच्छ दिसेल, पण भार गेला की निम्मं काम गेलं. नवा बसवताना कडेचा बाण बघा. तो हवेच्या दिशेने हवा. जुना फिल्टर काढतानाच त्याच्या बाणाचा फोटो काढून ठेवा, झालं काम. किती किलोमीटरनंतर बदलायचा ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं, धुळीच्या रस्त्यांवर त्याच्या आधीच. काही जुन्या, बेसिक गाड्यांमध्ये मात्र फिल्टर दिलेलाच नसतो, तेव्हा आधी तपासा.

एवढं कशासाठी? पीएम 2.5 म्हणजे केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या हिश्शाचे कण. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये त्यांची वार्षिक मर्यादा घनमीटरमागे 5 मायक्रोग्रॅम सुचवली. आपल्या देशाचं मानक 40 आहे. म्हणजे सरकारी हिशेबात ‘ठीक’ असलेली हवासुद्धा आठपट जास्त असू शकते. आणि फिल्टर सगळं अडवत नाही हेही लक्षात ठेवा, कार्बन मोनॉक्साइड त्यातून आरामात पार होतो.

या इतिहासात मला एक गोष्ट खटकते. स्वच्छ हवा आधी बंबवाल्यांना मिळाली, मग सैनिकांना. म्हणजे जे धोक्यात उभे होते त्यांना. आज ती मिळते काचा वर करून बसलेल्या आपल्याला. सिग्नलवरचा ट्रॅफिक हवालदार, शेजारचा स्कूटरवाला आणि गजरे विकणारी मुलगी आपल्याच सायलेन्सरमधून निघालेला धूर फिल्टरशिवाय घेतात. टिंडलचा झोत त्यांच्या श्वासावर टाकला, तर तोही काळाच दिसेल.

तेव्हा रविवारी फिल्टर नक्की बदला. पण सिग्नल लांबचा असेल तर इंजिनही बंद करा. तेवढं तर आपण करूच शकतो. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!