डेव्हीची जाळी

मेणबत्तीच्या ज्योतीवर तारेची बारीक जाळी आडवी धरली की ज्योत खालीच अडते. धातूची तार उष्णता चटकन ओढून घेऊन पसरवते. वरचा वायू पेटण्याइतका तापतच नाही.

इंग्लंडात फेलिंगच्या कोळसाखाणीत १८१२ साली ज्वालाग्राही वायूचा स्फोट होऊन ९२ माणसे व पोरे मेली. पुढे १८१५ साली हंफ्री डेव्हीने खाणकामगाराच्या दिव्याभोवती अशीच जाळी बसवली, आणि पेटंटही घेतले नाही. मालकांनी मात्र वायूच्या भीतीने सोडून दिलेल्या थरांत माणसे उतरवली. वाऱ्याच्या झोतात जाळी तापून लाल होई, गंजून फाटेही. मग ज्योत बाहेर पडे. डरहॅम-नॉर्थंबरलंडात दिव्याआधीच्या १८ वर्षांत ४४७ मेले होते, नंतरच्या १८ वर्षांत ५३८. हे आकडे माझे नव्हेत. १८३५ सालच्या पार्लमेंटच्या समितीचे आहेत.