मूळचे, तरीही मागे राहिलेले

'भूमिपुत्र' हा शब्द आपल्या कानांना परका नाही. समुद्र ओलांडून गेलेला हाच संस्कृत शब्द मलेशियात 'बुमिपुतेरा' या रूपाने राज्यकारभारात रुळला आहे. तेथील सर्व भूमिपुत्रांचे पान मात्र एकाच पंगतीत मांडलेले नाही.

मलेशियाच्या राज्यघटनेचे १५३ वे कलम मलय लोकांना, तसेच साबा व सारावाक येथील मूलनिवासींना सरकारी नोकऱ्या, शिष्यवृत्त्या व परवाने यांत विशेष वाटा देते. मलयांच्याही आधीपासून द्वीपकल्पाच्या रानात राहत आलेल्या जमातींचे नाव मात्र या कलमात नाही. त्यांना 'ओरांग अस्ली', म्हणजे 'मूळचे लोक', म्हणतात. ८ वे कलम त्यांच्या संरक्षणासाठी तरतुदी करण्याची मुभा देते, इतकेच. १९५४ च्या कायद्याने त्यांच्यासाठी राखलेली जमीन सरकार परतही घेऊ शकते.

१९९५ साली सेलांगोर राज्यातील तेमुआन कुटुंबांना विमानतळाकडे जाणाऱ्या महामार्गासाठी उठवण्यात आले. भरपाई मिळाली ती घरांची व झाडापिकांची, जमिनीची नाही. सागोंग तासी आणि त्यांच्या सहा सोबत्यांनी न्यायालयात दाद मागितली. पिढीजात जमिनीवरील त्यांचा हक्क २००२ मध्ये उच्च न्यायालयाने मान्य केला, आणि २००५ मध्ये अपील न्यायालयाने तो कायम ठेवला.

ज्यांना मूळचे म्हणतात, त्यांनाच पायांखालची जमीन आपली असल्याचे सिद्ध करावे लागले. भूमिपुत्रांचा कैवार आपणही घेतो. तो घेताना पंगतीच्या शेवटी कोण बसले आहे, हे आपण पाहिले पाहिजे.