इंदूरचे बेंद्रे, बडोद्याचे बेंद्रे

होळकरांच्या नि गायकवाडांच्या राज्यांत आपले पूर्वज स्थिरावले. त्यांनी जे आणले ते आपण निष्ठेने जपले. पण जपणे आणि शिकत राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक समजून घ्यायचा तर नारायण श्रीधर बेंद्रे यांचे चरित्र वाचावे.

बेंद्रे १९१० साली इंदुरात जन्मले. तेथील चित्रशाळेत देवळालीकरांच्या हाताखाली त्यांनी पहिले धडे घेतले. मकबूल फिदा हुसेनही पुढे याच शाळेत आले. जाड रंगांत, उघड्यावर बसून निसर्ग रंगवण्याची तेथील रीत बेंद्र्यांच्या हातात चांगली मुरली. मुंबईची पदविका झाली, काश्मीरची चित्रे झाली, नाव झाले. ही निसर्गचित्रे रसिकांना आवडत होती. तेवढ्यावर आयुष्य सुखाने गेले असते.

तसे झाले नाही. १९४५ मध्ये ते शांतिनिकेतनात गेले. तेथे नंदलाल बोस, रामकिंकर यांची वेगळीच दृष्टी त्यांना भेटली. १९४७ मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, ते अमेरिकेला गेले आणि न्यूयॉर्कच्या आर्ट स्टुडंट्स लीगमध्ये मुद्राचित्रणाचे तंत्र शिकले. नावाजलेला चित्रकार पुन्हा बाकावर बसला, हे लक्षात घ्या.

१९५० मध्ये सयाजीराव विद्यापीठात ललितकला विभाग सुरू झाला आणि बेंद्रे बडोद्यास चित्रकला शिकवू लागले. शिकवतानाही त्यांचे स्वतःचे प्रयोग चालूच होते. घनवादाचा अभ्यास करून त्यांनी आकार मोडून पाहिले. ‘काटा’ या चित्राला १९५५ मध्ये राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. पुढे ते अधिष्ठाता झाले. १९६६ मध्ये ते पद सोडून मुंबईस आले, आणि उतारवयात बिंदुवादाकडे वळले. या पद्धतीत रंग पाटीवर कालवायचे नसतात. शुद्ध रंगांचे ठिपके शेजारी शेजारी ठेवायचे, मिश्रण पाहणाऱ्याच्या डोळ्यांत होते. काम संथ आणि चिकाटीचे. हात सोपी वाट शोधू लागतो त्या वयात त्यांनी ही वाट धरली.

यावर एक आक्षेप घेता येतो: इतके बदलत राहिल्याने त्यांची एकच एक ओळख बनली नाही. आक्षेप अगदीच खोटा नाही. शिकण्याची किंमत असते. हातखंडा सोडावा लागतो, चाहते नाराज होतात, काही प्रयोग फसतातही. पण जमेची बाजूही पाहा. ज्योती भट्ट, शांती दवे, गुलाम मोहम्मद शेख हे त्यांच्या वर्गातले विद्यार्थी. यांतला एकही दुसऱ्यासारखा चित्र काढत नाही, आणि गुरूसारखे तर नाहीच. जो शिक्षक स्वतः विद्यार्थी राहतो, त्याच्याकडे उमटवायला ठसाच उरत नाही. बडोद्याच्या कलाशिक्षणाची प्रतिष्ठा ज्या मोकळेपणातून आली, त्याचे एक मूळ येथे आहे.

बेंद्रे १९९२ मध्ये गेले. आपल्या मंडळांतून आपण नव्या पिढीला वारसा द्यायचा म्हणतो; तीच नाटके, तीच पदे, तोच क्रम. मुले ऐकतात आणि निघून जातात. त्यांनी आपल्याला काही शिकताना पाहिलेलेच नसते. तेव्हा यंदा निवृत्त सभासदांनी मुलांसाठी वर्ग जरूर काढावा. पण एखाद्या वर्गात स्वतः नावही घालावे. शिकवणारा वयाने लहान असला तरी चालेल.