प्रदूषित भूमीचे शाश्वत शुद्धीकरण

कारखाने, खाणी, कचराभूमी व सांडपाणी यांमुळे जमिनीत साठलेली घातक द्रव्ये काढून टाकताना, त्यांचे विघटन घडवताना किंवा त्यांना जागीच स्थिर करताना, त्या कामी खर्च होणारी ऊर्जा व पाणी, करावी लागणारी वाहतूक, मागे उरणारा अवशेष आणि परिसरातील लोकांवर पडणारा भार यांचाही हिशेब ठेवणारी कार्यपद्धती. दूषित माती खणून अन्यत्र पुरणे किंवा जाळणे हा रूढ मार्ग असला, तरी त्याने धोका पुष्कळदा नाहीसा न होता केवळ जागा बदलतो.

भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्याचे प्रकरण या दृष्टीने उद्बोधक आहे. जबलपूर येथील मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने ३ डिसेंबर २०२४ रोजी दिलेल्या आदेशानंतर, या कारखान्यात साठवलेला सुमारे ३३७ टन विषारी कचरा जानेवारी २०२५ मध्ये सुमारे २५० किमी. अंतरावरील पीथमपूर येथे नेण्यात आला व स्थानिकांचा तीव्र विरोध असताना जूनअखेरपर्यंत जाळण्यात आला. ज्वलनात चुन्यासारखी द्रव्ये मिसळावी लागल्याने उरलेल्या राखेचे वजन मूळ कचऱ्याहून अधिक भरले, आणि कारखान्याच्या आवारातील दूषित मातीचा प्रश्न तसाच राहिला.

याउलट जैविक पद्धतींत शुद्धीकरण बहुधा जागेवरच होते. सूक्ष्मजीव तेलासारख्या सेंद्रिय प्रदूषकांचे विघटन करतात, तर वनस्पती जड धातू मुळांवाटे शोषून घेतात किंवा मुळांभोवती अडवून धरतात. या दुसऱ्या प्रक्रियेस वनस्पतिजन्य शुद्धीकरण म्हणतात. जबलपूर येथे १९८९ मध्ये केंद्ररूपाने सुरू झालेल्या व आज तण संशोधन संचालनालय म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने देवनळासारख्या तणांची सांडपाण्यातील धातू शोषण्याची क्षमता अभ्यासली आहे.

खाणक्षेत्रातील ठळक उदाहरण नागपूर जिल्ह्यातील गुमगाव येथील मँगनीज खाणीचे होय. तेथील ओसाड ढिगाऱ्यांवर नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने (नीरी) डॉ. आशा जुवारकर यांच्या पुढाकाराने एकात्मिक जैवतंत्र वापरले. साखर कारखान्यातील प्रेसमड, म्हणजे उसाचा रस गाळताना उरणारा गाळ, नत्र स्थिर करणारे जीवाणू आणि मुळांशी सहजीवन साधणारी मायकोरायझा बुरशी यांच्या साहाय्याने तेथे साग, शिसू यांसारखे वृक्ष रुजवण्यात आले. एका उद्योगाच्या टाकाऊ पदार्थाने दुसऱ्या उद्योगाने उजाड केलेली भूमी सुपीक होणे हे या तंत्राचे मोठे यश आहे.

मात्र जैविक पद्धतींना अनेकदा वर्षानुवर्षे लागतात आणि वनस्पतींचा प्रभाव मुख्यतः मुळे पोहोचतात तेवढ्या खोलीपुरता राहतो. पाऱ्यासारख्या मूलद्रव्याचे विघटन होत नसल्याने धातू शोषलेल्या वनस्पती कापून त्यांची सुरक्षित विल्हेवाट लावावी लागते. त्यांचा चारा म्हणून वापर करता येत नाही. विषाची मात्रा तीव्र असेल, तेथे खोदकाम व औष्णिक प्रक्रिया टाळता येत नाहीत. म्हणून प्रत्येक ठिकाणी प्रदूषक, मातीचा प्रकार, भूजलाची पातळी व जमिनीचा भावी उपयोग तपासूनच पद्धती निवडणे आवश्यक ठरते. जुलै २०२५ मध्ये भारत सरकारने प्रदूषित स्थळांच्या व्यवस्थापनासाठी स्वतंत्र नियम अधिसूचित केले असून, शुद्धीकरणाचा खर्च प्रदूषणास जबाबदार असणाऱ्याने सोसावा, हे तत्त्व त्यांत स्वीकारले आहे.