सुंतेचे वय : प्रस्तावना

सुंता हा शब्द मराठीत चारचौघांत सहसा घेतला जात नाही. घेतला गेलाच तर थट्टेत, शिवीत, नाही तर दंगलीच्या आठवणीत. त्यामुळे हे पुस्तक उघडताना वाचक थोडा अवघडणार, हे गृहीत धरूनच त्याचे स्वागत करतो. विषय शरीराच्या एका लहानशा भागाचा आहे, पण त्यात शल्यशास्त्र आहे, धर्मशास्त्र आहे, कायदा आहे, साथरोगांचा अभ्यास आहे आणि आई-बापांची धाकधूकही आहे. देह आणि समाज या दोहोंविषयी ज्याला कुतूहल आहे, त्याच्या हाताला इथे बरेच काही लागेल.

बीड जिल्ह्याच्या परळी तालुक्यातले धर्मापुरी बहुतेकांना केदारेश्वराच्या चालुक्यकालीन मंदिरामुळे आणि किल्ल्यामुळे माहीत असते. अशा गावात सुंतेचा प्रश्न दोन घरांत दोन रूपांनी येतो. मुसलमान घरात तो मुलाच्या जन्माबरोबरच आलेला असतो. करायची की नाही, हा प्रश्नच नसतो. कधी करायची, एवढाच असतो. आजी म्हणते, सहाव्या-सातव्या वर्षी, चुलत भावांची सगळ्यांची एकदम. शिकलेली सून म्हणते, बाळ तान्हे आहे तोवरच उरकून टाकू. शेजारच्या हिंदू घरात तीन वर्षांच्या पोराला लघवी करताना कातडीचा फुगा येतो आणि डॉक्टर चिठ्ठीवर ‘फायमोसिस’ लिहून देतात. ‘म्हणजे सुंता करायची का?’ असे बाप आवाज खाली आणून विचारतो. दोन्ही पोरे अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात एकाच टेबलावर येऊ शकतात, पण एका घरातले शहाणपण दुसऱ्या घरात जात नाही. एकाकडे पिढ्यांचा अनुभव असतो, दुसऱ्याकडे तपासण्यांची फाइल. आणि दोघांनाही दुसऱ्याला विचारायचा संकोच.

या पुस्तकाचे म्हणणे थोडक्यात असे : सुंता ही एकच शस्त्रक्रिया नाही, ती वयागणिक बदलते. आठ दिवसांचे बाळ, सात वर्षांचा मुलगा, पंचविशीतला तरुण आणि साठीतला मधुमेही यांच्या सुंतेत काढली जाणारी कातडी सोडली, तर समान असे थोडेच उरते. भूल वेगळी, भीती वेगळी, रक्तस्राव वेगळा, बरे व्हायचे दिवस वेगळे. होकार कोण देतो, तेही वेगळे. सुंतेच्या बाजूने आणि विरुद्ध हिरिरीने बोलणारे बहुतेक लोक वयाचा उल्लेखच करत नाहीत, आणि म्हणून त्यांचे वाद कुठेही पोचत नाहीत.

आधी निसर्ग काय करतो ते पाहू. जन्मतः शिश्नाची पुढची कातडी आतल्या मुंडाला चिकटलेलीच असते. डग्लस गेअर्डनर या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञाने १९४९ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये दाखवून दिले, की नवजात मुलांपैकी जेमतेम ४ टक्क्यांची कातडी मागे सरकते आणि तिसऱ्या वर्षापर्यंत दहातल्या नऊ जणांची सरकू लागते. पुढे १९६८ मध्ये याकोब ऑस्टर यांनी डेन्मार्कमधल्या शाळकरी मुलांची वर्षानुवर्षे पाहणी करून दाखवले, की निसर्ग याहूनही सावकाश काम करतो. सोळा-सतरा वर्षांच्या वयात कातडी मागे न सरकण्याची तक्रार १ टक्क्याच्या आसपासच उरते. म्हणजे तीन वर्षांच्या पोराची कातडी घट्ट असणे हा बहुतेक वेळा आजार नसतोच. लघवीची धार नीट असेल, जळजळ वा ताप नसेल, तर नुसत्या फुग्याला घाबरायचे कारण नाही. खरा फायमोसिस असला तरी बीटामेथासोनसारखे स्टेरॉइड मलम चार ते आठ आठवडे लावून बहुसंख्य मुलांचे काम भागते. कातडीच्या टोकाला पांढरट, कडक वळे तयार झाले असेल तर मात्र तो वेगळा आजार समजावा. तिथे मलमावर वेळ न घालवता शल्यविशारदाला दाखवावे.

इथे आपल्याकडच्या एका रिवाजाबद्दल स्पष्ट बोलायला हवे. बाळंतिणीच्या घरी न्हाऊ घालणारी बाई पायांवर बाळ आडवे घेते, तेल चोळता चोळता दोन बोटांनी ती कातडी मागे ओढते आणि आत तेलाचा थेंब सोडते, ‘वाट मोकळी व्हावी’ म्हणून. हेतू चांगलाच असतो. पण चिकटलेली कातडी ओढली की तिला बारीक चिरा पडतात, चिरांचे वण होतात आणि वणांनी कातडी आवळते. जो आजार नव्हता तो असा घरातच तयार होतो. कधी ओढलेली कातडी मागेच अडकून बसते आणि मुंड सुजून लाल-निळे पडते. तेव्हा दिवस-रात्र न बघता दवाखाना गाठावा लागतो. न्हाऊ घालणाऱ्या बायकांना हे कोणी समजावून सांगितले, तर कितीतरी सुंता टळतील असे माझे मत आहे.

या दोन्ही अवस्था आपल्या परंपरेला नवीन नाहीत. सुश्रुतसंहितेत आवळलेल्या कातडीला निरुद्धप्रकश आणि मागे अडकलेल्या कातडीला परिवर्तिका म्हटले आहे. निरुद्धप्रकशावरचा उपाय वाचण्यासारखा आहे : लोखंडाची, लाकडाची किंवा लाखेची दुतोंडी नळी तूप माखून आत सरकवायची आणि दर तीन दिवसांनी आणखी जाड नळी घालत वाट हळूहळू रुंदावायची, नाहीच जमले तर शिवण टाळून छेद द्यायचा. कातडी राखून वाट मोठी करायचा हाच विचार आजच्या प्रिप्युशिओप्लास्टीत आहे. ‘आमच्यात सुंता करत नाहीत’ म्हणून उपचारच नाकारणाऱ्या घरांना ही शस्त्रक्रिया माहीत असायला हवी.

धार्मिक सुंतेचे महाराष्ट्रातले सर्वांत नेमके वय पाळले ते कोकणातल्या बेने इस्राएलांनी. शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे शनवार तेली, अलिबाग-रेवदंड्याच्या पट्ट्यात शतकानुशतके मराठी बोलत राहिले, बाकीच्या यहुदी जगापासून तुटले, पण शनिवार आणि आठव्या दिवसाची सुंता त्यांनी सोडली नाही. यहुदी धर्मशास्त्रात आठवा दिवस ठाम आहे; पण बाळ आजारी किंवा अशक्त असेल तर तो पुढे ढकलायलाच हवा, हा नियमही तितकाच ठाम आहे. एका आईची दोन मुले सुंतेने दगावली असतील, तर तिसऱ्याची करू नये, असे तालमुदात सांगितले आहे. रक्त न गोठण्याच्या आनुवंशिक आजाराला नाव मिळण्याच्या कितीतरी शतके आधीचे हे निरीक्षण आहे. आज आपण त्याच सावधगिरीने नवजात बाळाला के जीवनसत्त्वाचे इंजेक्शन दिले आहे का आणि आईच्या माहेरी कुणाला फार रक्त जायचा त्रास आहे का, हे विचारतो.

इस्लाममध्ये असा एक दिवस ठरलेला नाही. कोकणी मुसलमान शाफई पंथाचे, त्यांच्या शास्त्रात सुंता अनिवार्य. मराठवाड्यातले बहुसंख्य हनफी, त्यांच्याकडे ती सुन्नत. पण व्यवहारात दोन्हीकडे ती होतेच, आणि वय घरागणिक बदलते. दख्खनच्या मुसलमानांचे संस्कार जन्मापासून मृत्यूपर्यंत क्रमाने नोंदवणारा जाफर शरीफ यांचा ‘कानून-ए-इस्लाम’ हा ग्रंथ हरक्लॉट्स यांनी १८३२ साली इंग्रजीत आणला. सुंतेच्या सोहळ्याविषयी वाचायचे तर अजूनही तिथूनच सुरुवात करावी. जुन्या पद्धतीत पोराला नवरदेवासारखे नटवायचे, हार घालायचे, नातेवाईक जमायचे. मामा किंवा चुलता पोराला मांडीत घट्ट धरून बसायचा, खलिफा म्हणजे न्हावी बांबूच्या चिरलेल्या कामटीत कातडी पकडायचा आणि ‘वो देख, सोने की चिडिया’ म्हणून पोराची नजर वर वळवायचा. नजर खाली येईपर्यंत वस्तरा फिरलेला असायचा. वरून राख, मग मिठाई. या कसबाची टिंगल करायचे कारण नाही. पिढ्यानपिढ्या त्याच माणसांनी हे काम निभावले. पण भूल नव्हती, निर्जंतुक हत्यारे नव्हती आणि रक्त थांबले नाही तर हातात दुसरा उपाय नव्हता. आज धर्मापुरीहून अंबाजोगाई गाठणे अवघड राहिलेले नाही, तेव्हा सोहळा घरी आणि शस्त्रक्रिया दवाखान्यात, ही विभागणी सर्वांना परवडणारी आहे.

वयाप्रमाणे काय अपेक्षा ठेवावी, याची पुढील प्रकरणांत सविस्तर चर्चा आहे, इथे तोंडओळख. पहिल्या काही आठवड्यांत शस्त्रक्रिया सर्वांत छोटी असते. जागा बधिर करून, बहुधा टाके न घालता, कधी प्लॅस्टिकची कडी बसवून ती होते. कडी साधारण आठवडा-दहा दिवसांत आपोआप गळून पडते. मुंडावर पिवळट पापुद्रा येतो. घरचे त्याला पू समजून पुसून काढतात. तो पू नसतो, पुसू नये. बाळ लहान आहे म्हणून त्याला दुखत नाही, ही समजूत साफ खोटी आहे. बधिर न करता कापू देऊ नये. या वयात केल्यास पुढे काही मुलांत लघवीचे तोंड अरुंद होते, तेव्हा धार बारीक आणि लांब जाते का, याकडे काही वर्षे लक्ष ठेवावे.

दोन-तीन महिने उलटले की बाळ अंग झटकू लागते, आणि मग बहुतेक शल्यविशारद पूर्ण भूल देऊनच हात लावतात. मराठवाड्यातल्या जास्तीत जास्त सुंता याच पुढच्या वयात, पहिल्या वर्षापासून दहाव्यापर्यंत होतात, आणि पालकांना मार्गदर्शनाची सर्वाधिक गरज इथेच असते. पूर्ण भुलेआधी सहा तास अन्न नाही, दोन तास पाणीही नाही. आजीने मायेने भरवलेले एक बिस्कीट शस्त्रक्रिया पुढे ढकलायला पुरते. टाके विरघळणारे असतात, दोन-तीन आठवड्यांत गळतात. पहिले दोन-तीन दिवस सूज येते आणि ती बघून बाप हादरतो. आठवडाभरात ती उतरते. सैल लुंगी किंवा झबले बरे, सायकल आणि कुस्ती काही आठवडे बंद. शल्यविशारदाने या जागी एकध्रुवी विद्युत्-दाहक यंत्र वापरायचे नसते, कारण बारीक अवयवातून जाणारा प्रवाह सबंध अवयव जाळू शकतो. पालकांनी हे विचारायला लाजू नये. याच वयात मुलाला कळत असते. त्याला सोन्याची चिमणी दाखवण्यापेक्षा काय होणार ते खरे सांगावे. फसवून नेलेले पोर पुढे दात दाखवायलाही डॉक्टरकडे जात नाही.

तरुणाची शस्त्रक्रिया जागा बधिर करून होते आणि तो त्याच दिवशी घरी जातो. त्रास पुढे असतो : झोपेत येणाऱ्या ताठरतेने टाके ताणतात, आणि चार ते सहा आठवडे शरीरसंबंध टाळावा लागतो. लग्नाच्या पंधरा दिवस आधी येणाऱ्या नवरदेवांनी हे वाक्य दोनदा वाचावे. शहरांतल्या ‘स्टेपलर’ आणि ‘लेझर’च्या जाहिरातींबद्दल एवढेच, की हत्यारापेक्षा ते चालवणारा हात महत्त्वाचा. चाळिशी-पन्नाशीनंतर कातडी अचानक आवळली, चिरा पडू लागल्या, तर आधी रक्तातली साखर तपासावी. कितीतरी जणांना मधुमेहाचा पत्ता असाच लागतो. आणि या वयात कातडीखाली न भरणारी जखम दिसली तर मलम चोळत बसू नये, तुकडा तपासायला पाठवावा.

सुंतेच्या जागतिक चर्चेत पुण्याचे नाव आहे, हे मराठी वाचकाला सहसा ठाऊक नसते. पुण्यातल्या गुप्तरोगांच्या दवाखान्यांत आलेल्या, एचआयव्ही नसलेल्या २२९८ पुरुषांचा पाठपुरावा राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेच्या सहभागाने झाला आणि त्याचा निष्कर्ष २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. सुंता झालेल्यांत एचआयव्हीची लागण कितीतरी कमी होती. सिफिलिस, परमा आणि जननेंद्रियांवरच्या नागिणीसारख्या आजारात मात्र तसा फरक नव्हता. संरक्षण स्वच्छतेच्या किंवा वागणुकीच्या फरकामुळे नसून कातडीतल्या विशिष्ट पेशी काढल्या गेल्यामुळे असावे, या तर्काला त्यातून बळ मिळाले. पुढे दक्षिण आफ्रिका, केनिया आणि युगांडातल्या चाचण्यांत स्त्रीकडून पुरुषाला होणाऱ्या लागणीचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी घटलेला दिसला, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये लागण फार असलेल्या प्रदेशांसाठी सुंतेची शिफारस केली. भारत त्या प्रदेशांत नाही. शिवाय ६० टक्के म्हणजे शंभर टक्के नव्हे. निरोधची जागा वस्तरा घेत नाही.

उरला होकाराचा प्रश्न. न कळत्या मुलाच्या देहावर कायमची खूण करायचा अधिकार आई-बापांना आहे का? जर्मनीत कोलोनच्या न्यायालयाने २०१२ मध्ये नाही म्हटले, आणि त्याच वर्षी तिथल्या संसदेने कायदा करून हो म्हटले. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये मुलांच्या सुंतेवर बंदी मागणारी याचिका फेटाळली. मी दोन्ही बाजू मांडल्या आहेत आणि माझा कलही लपवलेला नाही : धर्म वयाची मोकळीक देतो तिथे ती मोकळीक मुलाच्या सोयीसाठी वापरावी, वऱ्हाड जमवण्यासाठी नव्हे. हीच खूण पाहून फाळणीपासूनच्या दंगलींत माणसे वेगळी काढली गेली, हेही अभ्यासकाने विसरू नये. लहानपणी फायमोसिससाठी सुंता झालेल्या हिंदू मुलांच्या आई-बापांची कुजबुज त्या भीतीतूनही येते. मुलींच्या अवयवांवर केला जाणारा छेद हा वेगळा आणि घातक प्रकार आहे. त्याचे समर्थन करायला या पुस्तकातला एकही मुद्दा वापरता येणार नाही.

पुस्तक कुठूनही वाचायला घ्यावे. विद्यार्थ्याने शरीररचनेपासून, इतिहासाच्या वाचकाने बेने इस्राएलांपासून, आणि ज्याच्या घरी पाळणा हलला आहे त्याने तिसऱ्या प्रकरणापासून. एक गोष्ट मात्र प्रकरणाची वाट न पाहता आत्ताच सांगतो. बाळाच्या लघवीचे छिद्र टोकावर नसून खालच्या अंगाला असेल, तर कोणत्याही वयात, कोणाच्याही आग्रहाने सुंता करू नका. ते छिद्र पुढे दुरुस्त करायला शल्यविशारदाला तीच कातडी लागते. आणि सुंतेनंतर कापड रक्ताने भिजत राहिले, बारा तासांत लघवी झाली नाही, ताप आला किंवा मुंड काळपट दिसू लागले, तर सकाळ व्हायची वाट पाहू नका, लगेच अंबाजोगाईला निघा.